खालचा गिअर

सोम., ३ नोव्हें.

गाडी आज परत रूट नाइनच्या चढावर रडली. मागं दुकानाचं तांदूळ-पीठ होतं, फार नाही. गिअर आपोआप वर जातो, दम लागला की खाली येतो, परत वर. मागं एक बाई येऊन चिकटली. इथं कुणी हॉर्न देत नाही, नुसते मागं चिकटून राहतात. शिवी दिलेली परवडते.

दोष गाडीचा नाही. आधीच्या मालकानं हौसेनं पस्तीस इंची टायर घातले. रुंद, चिखलाचे. पिकअप दिसते अशी, की सच्याला फोटो पाठवला तर त्यानं कराडच्या गॅरेजवर सगळ्यांना दाखवला. 'संत्या अमेरिकेत आमदार झाला.' पण एक्सलमधली दातेरी चाकं, क्राऊन-पिनियन, कंपनीचीच, ३.५५. चाक मोठं केलं तर आतला गिअर खालचा लागतो, ओढीचा. नाहीतर इंजिन नुसतं बोंबलतं.

तिकडं गॅरेजवर मी आणि सच्या गिअर दातांवर मागायचो. दहा-एक्केचाळीस दे रे. पिनियनला दहा, क्राऊनला एक्केचाळीस. इथं भागाकार करून सांगतात, ४.१०. भागाकार माझा नववीच्या वर्गातच राहिलाय.

गाडी माझ्या कमाईची. कागद दाजींच्या नावावर, कारण त्यांच्या नावावर इन्शुरन्स बसतो. पाहुणे आले की दाजी म्हणतात, "तुझीच आहे रे ती." माझीच आहे तर सांगायला कशाला लागतं.


शनि., ८ नोव्हें.

रॉनच्या गॅरेजवर गेलो. रॉन म्हातारा होत आलेला, हात माझ्या सच्यासारखे, काळे. त्याच्याशी जमतं. तो बोट दाखवतो, मी मान हलवतो. फोनवर मात्र त्याला माझं एक अक्षर कळत नाही. मला त्याचं पण.

त्यानं आज काम सांगितलं. वर व्हर्मांटात त्याची चुलत बहीण आहे, डोना. डोंगरावर सुट्टीच्या घरांचे रस्ते आहेत, तिथला बर्फ काढायचं काम घेते. एक माणूस आणि एक पिकअप पाहिजे. बर्फ ढकलायचं समोरचं पातं ती देणार. शेडच्या वर राहायला खोली. एप्रिलपर्यंत.

अट एक. तिच्या रस्त्याला शेवटी एक चढ आहे. तिथं पातं लावून गाडी वर गेली पाहिजे. गेली तर काम, नाहीतर परत घरी.

परत घरी म्हणजे कुठं? तळघर. वॉशिंग मशीनच्या शेजारी माझी गादी. दाजींच्या घरात वर तीन खोल्या, त्यात एक 'गेस्ट'. गेस्ट येतात वर्षातून एकदा.

रॉन गाडीभोवती फिरला. म्हणाला ४.१० टाक, पुढं-मागं दोन्हीकडं सारखे. हे मला माहीत आहे. पुढचं आणि मागचं वेगळं पडलं तर फोर-व्हीलमध्ये गाडी स्वतःशीच भांडते. मग टायरला लाथ मारली. "टू वाइड." रुंद टायर बर्फावर तरंगतो, अरुंद टायर बर्फ कापत खाली रस्त्यापर्यंत जातो. असं म्हणतो तो. मी ऐकल्यासारखं केलं. टायर मी काढणार नाही.


रवि., ९ नोव्हें.

घरात सांगितलं. जेवताना.

दाजी : "व्हर्मांट? अरे तिथे आहे काय? झाडं."
ताई : "आणि दुकानाचं काम? किती मिनत्या करून लावलं यांनी."
अन्वी, माझी भाची : "Can I have your room, Mama?" तळघराला रूम म्हणणारी ती एकटीच.

आई ताटं गोळा करून उठली. मग भांडी लावताना एक एक विचारायला लागली. खोलीला खिडकी हाय का. चूल हाय का गॅस. जिना किती उभा हाय. जवळ दुकान हाय का काय. मी म्हटलं मला काय माहीत, मी काय बघून आलोय? म्हणाली, "इचारलं तर काय झालं रं?"

तिला मी जायला नको आहे. सरळ बोलत नाही. जिना मोजते.


मंगळ., ११ नोव्हें.

आज दुकान उघडं, शाळा बंद. आईला दिवसभर पोरं. संध्याकाळी पाय धरून बसली होती.

तिची पण कमाल आहे. ताईनं हिला आणली अन्वी पोटात असताना. मी कराडला एकटा. मग हिनं माझी ग्रीन कार्डाची फाइल टाकली. फाइलला अट, पोरगा बिनलग्नाचा पाहिजे. लग्न केलं की फाइल बाद. किती वर्षं मी बिनलग्नाचा बसलो, नंबर येईल नंबर येईल म्हणून. शीतल थांबली तेवढी थांबली. मग तिच्या बापानं कोरेगावला दिली. तिच्या पोराच्या वाढदिवसाचा फोटो सच्यानं पाठवला. हरामखोर. वर लिहितो, 'बघ नाक कुणावर गेलंय.' तिच्याच नवऱ्यावर गेलंय.

नंबर आला. आलो. वॉशिंग मशीन.


गुरु., १३ नोव्हें.

रॉनला उद्या गाडी द्यायची. आज त्याला फोन करून पक्कं सांगायला पाहिजे होतं, म्हणजे तो गिअर काढून ठेवील. मी दुकानात, ट्रक रिकामा करत होतो. दाजींना म्हटलं तुम्ही करता का. ते म्हणाले दोन मीटिंगच्या मध्ये करतो, काय सांगायचं ते एका वाक्यात सांग.

एका वाक्यात सांगितलं. "त्याला म्हणावं, खालचा गिअर पाहिजे, दोन्ही एक्सलला."

दुपारी मेसेज आला. 'Done. Lower one, both axles. He had it in stock!! Lucky.' खाली अंगठा.

लोअर म्हणजे खालचा, एवढं येतं मला. मी पण अंगठा पाठवला. दाजींबद्दल उगाच वाईट लिहितो असं वाटलं.


शनि., १५ नोव्हें.

गाडी आली. रॉन नव्हता, त्याच्या पोरीनं किल्ली दिली. गाडी जड वाटतेय. नवीन गिअर बसायला वेळ लागतो म्हणून गप्प बसलो. रूट नाइनला चढ लागला. आधी रडायची, आज मुळूमुळू पण नाही. सरळ बसलीच. तळ्यापासून वरपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये आणलीय.

काहीतरी चुकलंय.


रवि., १६ नोव्हें.

सकाळी ड्राइव्हवेमध्ये मागचं एक चाक जॅकवर घेतलं. एक खाली, एक वर. असं असलं की वरच्या चाकाला दोन फेरे दिले की एक धरायचा, आणि तेवढ्यात मधला शाफ्ट किती फिरतो ते बघायचं. शाफ्टला खडूची रेघ मारली. मी खाली झोपलो. चाक फिरवायला कोण? दाजी योगाला. आई आली, ताईचं जुनं जॅकेट साडीवर घालून.

म्हटलं, हळू फिरव, फेरा पुरा झाला की मोठ्यानं मोज.

तिनं चाकाला दोन्ही हात लावले. "लाभ," म्हणाली. मग "दोन."

धान्य मापताना म्हणतात तसं. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. गाडीखाली उताणा पडून मला हसू आलं. मग हसू गेलं. रेघ तीन वेळा आली आणि थोडी पुढं जाऊन थांबली. चार पाहिजे होती. चारच्या वर थोडी.

परत फिरव म्हटलं. परत लाभ, दोन. परत तीन आणि थोडं.

३.३१. आकडा कमी म्हणजे ओढ कमी. खालचा नाही, वरचा टाकलाय. होता त्यापेक्षा पण वरचा. पस्तीस इंची चाकाला. ह्यानं बर्फ काय, अन्वीची बाहुली ओढली जाणार नाही.

आईनं वाकून विचारलं, "बरोबर हाय न्हवं?"
म्हटलं लाभ झाला. जा आत.


सोम., १७ नोव्हें.

रॉन म्हणतो, मी दोनदा विचारलं. माझ्याकडं अपघातातल्या गाडीचे ३.३१ आहेत आणि नवीन ४.१० मागवू शकतो, कुठला? तुझा माणूस म्हणाला, द लोअर वन. मी म्हटलं शुअर? म्हणाला शुअर, लोअर. मला वाटलं, पैसे वाचवताय.

घरी येऊन दाजींना विचारलं. ते लॅपटॉप न मिटता बोलले.

"तूच म्हणालास खालचा."
"खालचा म्हणजे ओढीचा. पहिला गिअर खालचा, पाचवा वरचा. असं."
"तो म्हणाला तीन पॉइंट समथिंग की चार पॉइंट समथिंग. तीन खाली की चार खाली? साधं गणित आहे, संतोष."
"गाडीत उलटं असतं."
"मग उलटं असतं हे सांगायचंस ना!"

ताई मधे पडली. दोघांचं पण चुकलं नाही म्हणाली. मग कुणाचं चुकलं? गाडी तर उलटीच चाललीय.

बोचतंय ते वेगळंच. एका वाक्यात सांग म्हटल्यावर मी एका वाक्यात सांगितलं. दुसरं वाक्य माझ्याकडं होतं, दात किती ते. बोललो असतो तर दाजी म्हणाले असते, हे डिटेल नको. म्हणून गिळलं. इथं आल्यापासून दुसरं वाक्य मी गिळतोच.

रॉनकडं आता नाताळपर्यंत जागा नाही. डोना नाताळपर्यंत थांबणार नाही.


शुक्र., २१ नोव्हें.

दुकानात पिठाची पोती लावताना डोक्यात तेच. आतला गिअर बदलत नाही, तर बाहेरचं चाक बदल. चाक लहान केलं तर उरलेला जोर चाकाला येतो. पस्तीसच्या जागी कंपनीचं लहान, अरुंद चाक. ३.३१ वर पण मग गाडी बरी ओढेल. चांगली नाही. बरी.

म्हणजे रॉनचंच ऐकायचं. टू वाइड.

सच्याला व्हॉइस मेसेज टाकला. तो रात्रपाळी करून उठला होता. म्हणाला, "काढ की मग. टायर काय तुझ्या आज्यानं ठेवलेत?" मग म्हणाला, "फोटो पाठवू नको फक्त. हितं तुझी इज्जत हाय."


शनि., २२ नोव्हें.

काढले.

रॉनच्या मागच्या अंगणात चारी मोठे टायर एकावर एक ठेवले. माझ्या छातीएवढा ढीग. एक पोरगेलासा गिऱ्हाईक तिथंच उभा होता, त्याचे डोळे चमकले. घेऊन गेला. मी गॅरेजच्या आत जाऊन उभा राहिलो.

नवीन म्हणजे जुनेच, पण बर्फाचे. मऊ रबर, अरुंद, बारीक खिळे मारलेले. सुक्या रस्त्यावर टकटक आवाज येतो, बायका सँडल घालून चालल्यासारखा. पैलवानाला स्लिपर घातल्यासारखी दिसतेय गाडी.

अन्वी खिडकीतून ओरडली, "It's so cute now!"

दाजींनी बघितलं, काही बोलले नाहीत. बरं केलं.


गुरु., २७ नोव्हें., थँक्सगिव्हिंग

नाही. आज बोलले.

घरात चार कुटुंबं. पुण्याची तीन, नागपूरचं एक. टर्की कुणी खात नाही, पावभाजी होती. काका-काकूंना पाणी दे, खुर्च्या आण, ते सगळं मी. मग दाजींनी गोष्ट सांगितली. उभं राहून. त्यांना गोष्टी सांगता येतात.

"आमचे मेव्हणे म्हणाले खालचा. मी म्हटलं लोअर. मेकॅनिक म्हणाला, आर यू शुअर? मी म्हटलं, माय ब्रदर-इन-लॉ इज द एक्स्पर्ट!"

सगळे हसले. नागपूरचे काका डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे गाडी आता एकदम सात्त्विक झाली! चढ दिसला की थांबते न् विचार करते!" परत हसले.

मी पण दात दाखवले. मग बघितलं तर आई. पदर तोंडाला लावून. खांदे हलत होते तिचे.

ती पण.

खाली येऊन मशीन लावलं. रिकामंच. आवाजासाठी.


रवि., ३० नोव्हें.

आईशी बोललो नाही. तीन दिवस ताट वाढून झाकून ठेवते, मी खातो, धुऊन ठेवतो.

आज वाळू भरली. पिकअपला पुढं पात्याचं वजन येतं, मागचं अंग रिकामं राहतं, मग मागची चाकं नाचतात. म्हणून मागं एक्सलवर वजन ठेवतात. दुकानातल्या बासमतीच्या रिकाम्या पिशव्या आणल्या, त्या चेनच्या. त्यात वाळू. एका रांगेत हत्तीछाप, एका रांगेत ताजमहाल.

आई दाराशी येऊन बघत होती. "कशाला रं एवढं?"
मागं वजन लागतं म्हटलं. चाकं धरत नाहीत त्याशिवाय.
"मग मला बसव की. हाय की वजन."

ताई हसली. दाजी गॅरेजमधनं हसले. मी हसलो नाही. गुरुवारी हसून झालंय सगळ्यांचं.


शुक्र., ५ डिसें.

पहिला बर्फ, बोटभर. दुकानातून सुटल्यावर गाडी तळ्याकडच्या उभ्या गल्लीत नेली, वाळूसकट. फोर-व्हील टाकलं. पहिला गिअर. खिळे टकटक करत गेली वर. मधे एकदा ढुंगण हललं. मग धरलं.

वर जाऊन थांबवली. खाली सगळी घरं, धुराडी, दिवाळीचे दिवे अजून न काढलेलं एक घर. कुणीतरी देसी.

जमेल. पात्याच्या वजनानं काय होईल माहीत नाही, पण जमू शकतं.

घरी आलो, कुणाला सांगावं म्हणून. आई अन्वीचा अभ्यास घेत होती, म्हणजे अन्वी आईचा घेत होती. 'थ' म्हणायला शिकवत होती. सांगितलं नाही.


बुध., १० डिसें.

डोनाचा मेसेज. शनिवारी दुपारनंतर वर मोठा बर्फ आहे. त्याच्या आधी ये, पातं लावू, चढ करून दाखव.

दुकानात सांगून टाकलं. मालक म्हणाला, परत आलास तर जागा असेल असं धरू नकोस. धरत नाही.

गाडीत सीटवर बॅटरीच्या जंपर केबलचा नवा संच. चिठ्ठी नाही काही नाही. दाजींनी ठेवला असणार. घेतला. थँक्यू म्हणायचं होतं, ते कॉलवर होते. हात केला. त्यांनी एक बोट वर केलं, थांब म्हणून. थोडा वेळ थांबलो. मग गेलो.


शुक्र., १२ डिसें.

उद्या जायचं.

दोन पँटी, थर्मल, पाने. संपलं माझं सामान. आई खाली आली, जिन्याचा कठडा धरत. पहिल्यांदाच आली असेल एवढ्या दिवसांत. गादीवर बसली. मशीनकडं बघत होती.

"दाजींना नमस्कार करून जा सकाळी."
"कशाला?"
"असंच. माणसानं वाकडं करून जाऊ नये."
"वाकडं मी केलं?"
तिनं चादर सारखी केली. मग, "तिथं खोली किती मोठी हाय? येकाचीच हाय का?"

परत खोली. परत जिना, चूल. मला जाऊ द्यायचं नाही, आणि नको म्हणायचं पण नाही. माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुला काय करायचंय खोलीशी? तुझं घर झालंय इथं. लेक आहे, जावई आहे, नातवंडं आहेत. हसायला पाहुणे आहेत.

"हसले व्हय मी?" म्हणाली.
"बघितलं मी."

 ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसली. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली. जिन्यात अर्ध्यावर थांबली, वाटलं काहीतरी बोलेल. दम खात होती नुसती.

लिहितोय तर वर तिची पावलं ऐकू येतायत. इकडून तिकडं. दार उघडलं, लागलं. गॅरेजचं असेल. कचरा टाकायला.


शनि., १३ डिसें.

व्हर्मांटची पाटी गेली, पहिल्या पंपावर थांबलोय. निम्मी वाट झाली. आकाश पांढरं.

सकाळी ताई, दाजी, पोरं झोपलेली. शनिवार. मी चहा न घेता गाडी गरम करत ठेवली. आई आली दारात. पूर्ण तयार. जॅकेट, गळ्यापर्यंत चेन लावलेली, कानटोपी, पायात बूट. ताईनं दिलेले बर्फाचे, तिनं कधी घातले नव्हते. पर्स काखेत. मी म्हटलं जा आत, थंडी आहे. ती म्हणाली, "हाय की थंडी." उभीच.

मी काच वर केली. रिव्हर्स घेतली. आरशात ती तशीच, सगळ्यात खालच्या पायरीवर. मला वाटलं निरोप द्यायला बाई किती आवरून आलीय.

आता इथं पिशव्या सरकल्या का बघायला मागचं ताडपत्रीचं टोक उचललं. हत्ती, ताजमहाल, हत्ती. मधल्या खाचेत निळी बॅग. कराडहून आली तेव्हाची, मुंबई विमानतळाची चिकटपट्टी हँडलला तशीच. दोन पिशव्या बाजूला ओढून मधे बसवलीय. त्या पिशव्या मला पण उचलताना जड जातात. रात्री तिनं ओढल्या.

उघडली. साड्या, स्वेटर. फडक्यात बाळकृष्ण. शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. दोन ताटल्या, दोन वाट्या. तिच्या प्रेशरच्या गोळ्यांचा डबा, वारांचे खण असलेला. शनिवारचा खण भरलेला.

खिडकी आहे का. चूल आहे का. जिना किती उभा आहे.

मी काय ऐकत होतो इतके दिवस.

फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मागं मिक्सरचा आवाज, ताई विचारतेय, कोण गं?

"संतूचा हाय. पोचतोय." मग मला, हळू नाही, नेहमीच्याच आवाजात, "मागं वजन हाय न्हवं नीट?"

म्हटलं, आहे.

"भिजलं न्हाई न्हवं?"

नाही म्हटलं. आई, मी...

"मग झालं," म्हणाली. "रस्ता बघून चालव." आणि ठेवला.

ये म्हणाली नाही. जा म्हणाली नाही. दुसरं वाक्य तिनं पण गिळलं.

डोनाचा मेसेज पडलाय : वर सुरू झालं, लवकर ये. परत जाऊन परत यायला वेळ आहे का? नाही. चढ बर्फाखाली जाईल, डोना दुसरा माणूस बघेल. परत न जावं तर गोळ्या माझ्याकडं. आणि ती कदाचित अजून बूट घालूनच आहे. आणि आणली, आणि गाडी चढली नाही, तर दोघांनी कुठल्या तोंडानं खाली यायचं. आणि खोली एकाची आहे का, हे मी अजून विचारलेलंच नाही.

टाकी भरली. बॅग पुढं घेतली, शेजारच्या सीटवर. पट्टा लावला तिला, नाहीतर गाडी टुंग टुंग करत राहते.

पंपाच्या बाहेर पडायच्या तोंडाशी उभा आहे. दोन बाण, नॉर्थ आणि साउथ. लिहितोय तोवर मागं एक गाडी येऊन थांबलीय. हॉर्न देत नाही. चिकटून उभी आहे.